आधी समोरच्याची बाजू

सरांनी मला कधी आडनाव विचारलं नाही. नांदेडात हे नवलच होतं. मुखेडकडच्या खेड्यातून मी शिकायला आलो तेव्हा खोली बघायला गेलो की आडनाव, मेसवाल्याकडे गेलो की आडनाव. आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव, आणि गावावरूनही नाही आला तर सरळ, "कोणाचा रे तू?" माझे वडील मुखेडच्या आठवडी बाजारात दोरखंड विकायचे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. हे मी लपवत नाही, उलट मान वर करून सांगतो. पण न विचारणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला तो हा. पहिल्या दिवशी माझ्याकडे बघत, कानाची पाळी चिमटीत धरून ते एवढंच म्हणाले, "तुला काय काम सांगता येतं?"

मला राग आला होता. पुढं कळलं की ते सगळ्यांना, सगळ्याच गोष्टींना हेच विचारतात.

सर पूर्वी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. ते सोडून नांदेडातले दवाखाने, शिकवण्या, दाळमिलवाले यांचे प्रोग्रॅम लिहून द्यायला लागले. दर रविवारी सकाळी त्यांची बैठक असायची. एका मेडिकल-प्रवेशाच्या क्लासचा पहिल्या मजल्यावरचा हॉल रविवारी दुपारपर्यंत रिकामा असतो, तिथं. भिंतीवर माणसाच्या शरीराचे तक्ते लावलेले: हृदय, फुफ्फुसं, उभा कापलेला डोळा. त्या तक्त्यांखाली प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून आम्ही प्रोग्रॅम कसा रचावा यावर बोलायचो. कॉलेजातली पोरं असायची, रेल्वेच्या ऑफिसातले दोघं-तिघं असायचे, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारी सना असायची. चहा-पोहे खालच्या गाड्यावरून यायचे.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या प्रोग्रॅममध्ये ऑब्जेक्ट म्हणजे एक छोटा कारभारी. आपली माहिती तो आपल्या पोटात ठेवतो आणि सांगितलेलं काम करतो. असे शेकडो कारभारी एकमेकांना कामं सांगत असतात, म्हणून प्रोग्रॅम चालतो. सरांचं म्हणणं असं, की आत कोण बसलंय ते विचारू नका, काम सांगा आणि उत्तर बरोबर येतंय का तेवढं बघा.

बरेच जण असं बोलतात. सर तसं जगायचे. भाजीवालीला सांगायचे, "दोघांची दोन दिवसांची भाजी द्या," आणि पिशवीत काय पडतंय ते बघायचेसुद्धा नाहीत. ऑटोत बसले की "घरी पोचवा" म्हणून डोळे मिटायचे. एकदा एका नव्या ऑटोवाल्यानं त्यांना गोदावरीच्या पुलावरून पलीकडे नेऊन परत आणलं. मी म्हटलं, "सर, बोलायचं ना." तर म्हणाले, "पोचलो ना? रस्ता त्याच्या आतली गोष्ट आहे."

दुसऱ्याचा प्रोग्रॅम उघडायच्या आधी ते लॅपटॉपच्या झाकणावर बोटानं टकटक करायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हसलो.

"सर, आत कोण असणार?"

"नसलं कुणी तर चांगलंच आहे," ते म्हणाले. हसले नाहीत.

आणि एखादा जुना कारभारी प्रोग्रॅममधून कायमचा काढून टाकायचा असला की त्यांचा हात थबकायचा. "आधी बघ, याला कुणी हाक मारतंय का अजून," म्हणायचे. "काढून टाकलेल्याला हाक गेली की प्रोग्रॅम तिथंच उभा राहतो. पडतही नाही कधीकधी. नुसता उभा राहतो, वाट बघत."

सरांशी वाद घालायला एकच माणूस होता, लातूरकडचा. मूळचे मुरुडचे, तिथल्या व्यापाऱ्यांची बिलं-हिशोबाची कामं प्रोग्रॅमनं करून द्यायचे. आम्ही त्यांना लातूरवाले काका म्हणायचो. पहाटेची एसटी धरून अहमदपूर, लोह्यावरून नांदेडला यायचे. जिन्याच्या तोंडाशी चपला काढून त्यांची टोकं भिंतीकडे करून ठेवायचे, खिडकीजवळच्या एका ठरलेल्या खुर्चीत बसायचे, चहा बशीत ओतून प्यायचे. मधेच चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायचे आणि म्हणायचे, "थांबा सर. इथं अडकलं माझं." की आम्ही समजायचो, आता पोहे गार होणार.

काकांचा जीव वारशावर होता. वारसा म्हणजे एक बाप-कारभारी लिहायचा आणि त्याच्या पोटी बाकीचे जन्माला घालायचे. बापाला येतं ते सगळं लेकरांना आपोआप येतं. सरांना ते पटायचं नाही. ते म्हणायचे, जन्माला कशाला घालता, तुकडे जोडून माणूस उभा करा. आज एक काम दिलं, उद्या ते काढून दुसरं लावलं.

"आता याच क्लासचं बघा काका," सर म्हणायचे. "इथला एक विद्यार्थी पुढं इथंच शिकवायला लागला. तुमच्या पद्धतीत विद्यार्थी मेला पाहिजे आणि शिक्षक म्हणून पुन्हा जन्मला पाहिजे. माझ्या पद्धतीत त्यानं एक सदरा काढला, दुसरा घातला."

"सदरा बदलून हाडं बदलत न्हाईत सर," काका म्हणायचे. "पोरगं बापाच्या हाडावर उभं राहतंय."

तुम्ही इंटरनेटवर असले वाद बघितले असतील. तिसऱ्या ओळीला एकमेकांची अक्कल निघते. आमच्या बैठकीत असं कधी झालं नाही, कारण सरांनी एक रीत घालून दिली होती. समोरच्याला खोडायचं असेल तर आधी त्याची बाजू तुम्ही मांडायची. त्याच्याच तोंडानं मांडल्यासारखी, त्याच्याच दाखल्यांनी. आणि तो जोपर्यंत "हाव, हेच म्हणायचं होतं मला" असं म्हणत नाही तोपर्यंत तुम्हाला स्वतःची बाजू मांडायचा हक्क नाही. हाव म्हणजे आमच्याकडचं हो. ते मिळेपर्यंत तुम्ही समोरच्याचेच.

ही रीत मी पुढं ऑफिसात वापरली, घरी वापरली, सोयरिकीच्या बैठकीत वापरली. मला तिचा फायदाच झाला. म्हणून सांगतो, रीत वाईट नव्हती.

काका मात्र हाव सहजासहजी द्यायचे नाहीत. त्या वर्षी सर कितीतरी रविवार त्यांची बाजू मांडत होते आणि काका मान हलवत होते. शेवटच्या खेपेला सरांनी वारशाची बाजू इतकी सुंदर मांडली की मलाच वाटलं, सर फिरले. काकांनी चष्मा पुसला, बराच वेळ खिडकीतून बघितलं आणि म्हणाले, "लई जवळ आलाव सर. पण न्हाई अजून. राहिलंय काहीतरी. पुढच्या रविवारी सांगतो."

त्या आठवड्यात काका गेले. मुरुडला, दुकानात बसल्या बसल्या. त्यांच्या मुलानं आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं तेव्हा आम्हाला कळलं.

आम्ही काही जण मातीला गेलो. सर आले नाहीत. मी घरी बोलवायला गेलो तर म्हणाले, "माझी पाळी अर्धी राहिलीय. असा अर्धवट कसा जाऊ त्यांच्यापुढं?" मला ते दुःखाचं बोलणं वाटलं.

पुढच्या रविवारी दोन मिनिटं उभं राहून आम्ही श्रद्धांजली वाहिली. बसलो. सर उभेच राहिले. म्हणाले, "त्यांची बाजू राहिलीय," आणि मांडायला लागले. बोलून झाल्यावर खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळले. थांबले. तिथं कुणी बसलं नव्हतं, कुणी बसणारही नव्हतं. तरी सर एखाद्याचं ऐकून घ्यावं तसं मान तिरकी करून उभे होते. मग मान हलवली.

"नाही म्हणतात," असं म्हणून ते खाली बसले.

त्यानंतरच्या रविवारी तेच, आणि त्याच्या पुढच्याही. दर वेळी बाजू आणखी चांगली व्हायची. 'ते म्हणतात' हे शब्द आधी गळाले. मग 'न्हाई' आलं, 'बी' आलं, 'कवा' आलं. सरांचं बोलणं आमच्यासारखं नव्हतं, शुद्ध होतं. त्यात ते शब्द दुसऱ्याचा चष्मा घातल्यासारखे दिसायचे. पुढं पुढं तेही दिसेनासं झालं. एका रविवारी पोहे आले तेव्हा मी बघितलं, सर बशीत चहा ओतून पीत होते. जिन्याकडे नजर गेली. त्यांच्या चपलांची टोकं भिंतीकडे होती.

मागून एका पोरानं न राहवून म्हटलं, "हाव सर. हेच म्हणायचं होतं."

सरांनी त्याच्याकडे मायेनं बघितलं. "तुझी बाजू नव्हती ती, बाळा."

हे असं चाललं होतं तोवर आम्ही आपसात थोडी चेष्टाही करत होतो. ती सनाच्या प्रश्नानं थांबली.

काका जायच्या काही दिवस आधी सनानं त्यांना फोनवर विचारलं होतं, एखाद्या कारभाऱ्याला सांगितलेलं काम जमत नसलं तर त्यानं काय परत द्यावं? त्यांनी काय उत्तर दिलं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रविवारी तिनं तोच प्रश्न सरांना घातला. सरांनी चष्मा काढला. तो सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"माझी आई," ते म्हणाले, "पाव्हणे लई आले आन् पीठ कमी असलं तर आधी समद्यांच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायची. रिकामा हात न्हाई ठेवायचा कुणाचा. पाणी पिऊस्तोवर तिला वखत मिळायचा. तसं, पोरी. जमत नसलं तर न्हाई म्हणू नको, गप्प बी बसू नको. आधी हातात काहीतरी दे."

बैठक संपल्यावर जिन्यात सनानं माझी बाही धरली. "भैया, शब्दन् शब्द तोच. तांब्यासुद्धा."

"काकांनी सरांनाही सांगितलं असेल कधीतरी."

"असेल," ती म्हणाली. "पण 'माझी आई' म्हणाले ते."

सरांची आई ते अंगावर पीत होते तेव्हाच गेली होती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मी विज्ञान शिकलेला माणूस आहे. गावाकडं कुणाच्या अंगात आलं की आमच्या घरातली बायामाणसं हात जोडायची, तेव्हा मी बाहेर जाऊन बसायचो. त्यामुळं मी स्वतःला समजावलं, की महिनोन्महिने एका माणसाची बाजू घोकली तर त्याचे दाखले तोंडात बसतात. यात विशेष काही नाही. तरी पुढच्या रविवारी हॉलमध्ये शिरताना मी त्या खुर्चीला वळसा घालून गेलो. बाकीचेही तसेच जात होते.

काकूंचा फोन आला तो त्याच सुमारास. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्या घरी शिवणाचे क्लास घेतात. सर आणि लातूरवाले काका व्हरांड्यात बसून वाद घालायचे तेव्हा काकू आतल्या खोलीत मशीनवर असायच्या; मधेच मशीन थांबायची, मग पुन्हा सुरू व्हायची. आमच्याशी त्यांचं बोलणं "चहा घेणार ना?" एवढंच.

दुपारी गेलो. सर बाहेर गेले होते. काकूंनी पाणी दिलं आणि मशीनवर जाऊन बसल्या. तिथूनच त्यांना बोलायला बरं वाटत असावं.

"काल मला वहिनी म्हणाले," त्या म्हणाल्या.

लातूरवाले काका त्यांना वहिनी म्हणायचे.

"आधी वाटलं, चुकून गेलं तोंडातून. मग बघितलं तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे. आत येऊ का, विचारून राहिलेत. झोपायला बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांच्या दिवाणावर. सकाळी पांघरुणाची घडी घालून उशाशी ठेवतात, कुणाच्या घरी गेल्यावर ठेवतो तशी. काल म्हणाले, सर कुठं गेलेत वहिनी, अजून आले न्हाईत?" त्यांनी सुई खाली केली. "माझ्याच घरात माझा नवरा पाहुणा होऊन राहिलाय बघ."

"डॉक्टरांना दाखवलं का काकू?"

"दाखवलं की. डॉक्टरांनी नाव विचारलं, बरोबर सांगितलं. गाव, तारीख, सगळं बरोबर. डॉक्टर म्हणाले, दोस्त गेला, धक्का आहे, उतरेल हळूहळू. अरे, उतरेना ना. चढायलाय." त्यांनी थेट माझ्याकडे बघितलं. "तुमची ती रीत काय आहे, नीट सांग मला. संपते कशानं?"

मी सांगितलं. समोरच्याची बाजू मांडायची, त्यानं हाव म्हटलं की आपण आपल्या बाजूला यायचं. सर काकांच्या बाजूला गेले आणि परत आणणारा राहिला नाही.

"दुसरं कुणी हाव म्हटलं तर?"

"एकानं म्हणून बघितलं. चाललं नाही."

"का नाही चाललं?"

मला सरांचंच वाक्य आठवलं. "सर म्हणतात, आत कोण बसलंय ते विचारू नका, उत्तर बरोबर येतंय का बघा. त्या पोराचं उत्तर बरोबर नव्हतं. काका इतक्या लवकर हाव म्हणायचेच नाहीत."

काकूंनी दोरा दातानं तोडला. हातातला सदरा झटकून दिव्याकडे धरला, शिवण तपासली.

"म्हणजे उत्तर बरोबर आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "एवढंच ना."

"काकू, जरा जपून."

"जपून काय? मला माझा माणूस घरात पाहिजे. कसा का येईना."

पुढच्या रविवारी आम्ही बसलो होतो. सर भिंतीवरच्या हृदयाच्या तक्त्याखाली उभे होते. जिन्यावर पावलं वाजली आणि काकू आल्या. त्या बैठकीला कधीच आल्या नव्हत्या. त्यांनी चपला काढल्या, वाकून त्यांची टोकं भिंतीकडे केली. कुणाकडे न बघता सरळ चालत गेल्या आणि खिडकीजवळच्या त्या खुर्चीत बसल्या.

हॉलमध्ये कुणी हललं नाही. मला वाटलं सर आता "वहिनी, तुम्ही इथं?" म्हणतील. खुर्चीकडे बघून त्यांनी फक्त मान तुकवली. एसटी उशिरा आली की काकांना बघून तुकवायचे, तशी.

मग त्यांनी बाजू मांडली. वारसा का घ्यावा, बापानं एकदा निस्तरलेलं लेकरानं पुन्हा का निस्तरावं, हाडं म्हणजे काय. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. सर थांबले.

"हेच का तुमचं म्हणणं?"

मी मनात म्हटलं, म्हणा काकू हाव, आणि संपवा. पोरंही पुढं सरकून बसली होती.

काकूंनी चष्मा काढला. पदराच्या टोकानं पुसला, उजेडाला धरून बघितला, परत लावला.

"थांबा सर," त्या म्हणाल्या. "इथं अडकलं माझं."

आवाज त्यांचाच होता. पण त्या आवाजात मी त्यांना इतकं ठाम बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"वारशात सोय हाय असं मी कवा म्हटलं? तुम्ही दर खेपेला सोयच मांडून राहिलाव. लोक म्हणत्यात, बाप बिघडला की समदी लेकरं बिघडत्यात, म्हणून वारसा वाईट. मी म्हणतो, तेच चांगलं हाय त्यात. बाप गेला की घर बसलं पाहिजे. मोडलंय ते मोडल्यालं दिसलं पाहिजे. तुमच्या तुकड्यांच्या घरात एक माणूस काढला आन् त्या जागी दुसरा लावला, तर घरातल्यांना पत्ता बी लागत न्हाई. प्रोग्रॅम चालूच. मला त्याचं भ्या वाटतंय सर. दुसरं कायबी न्हाई."

सना माझ्या कानाशी कुजबुजली, "हे काका कधी बोलले होते?"

मला आठवत नव्हतं. व्हरांड्यात बोलले असतील, मशीन थांबली असेल तेव्हा. किंवा पुढच्या रविवारी सांगतो म्हणाले होते ते हे असेल. मी काकूंच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. कुठं तरी एक खूण दिसेल, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या माझ्याकडे बघतील, म्हणजे मला कळेल की हे ठरवून चाललंय. त्यांनी बघितलं नाही. त्या सरांच्या उत्तराची वाट बघत होत्या, आणि त्यांना खरंच ते उत्तर हवं होतं.

सर सावकाश म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की जो गेला त्याची जागा इतकी नीट भरू नये की तो गेल्याचं कळूच नये."

"हाव," काकू म्हणाल्या. "हेच म्हणायचं होतं मला."

सरांचा हात वर गेला. कानाची पाळी चिमटीत आली. कितीतरी महिन्यांत आम्ही ते बघितलं नव्हतं. खांदे सैल झाले, आणि सर त्यांच्या स्वतःच्या शुद्ध बोलण्यात म्हणाले, "आता माझी बाजू."

काय बोलले ते! मला सगळं आठवत नाही, पण सर आमचे होते. काम थांबता कामा नये, म्हणाले. हाक गेली की कुणीतरी ओ दिली पाहिजे. कोण देतंय हे विचारत बसलो तर हाक मारणारा वाट बघत उभा राहील, आणि त्याहून वाईट काही नाही. पोरांचे डोळे ओले झाले होते. माझेही झाले असतील. बोलून झाल्यावर आम्ही उठायला लागलो, खुर्च्या सरकल्या.

"बसा की," खिडकीजवळून आवाज आला. "माझी पाळी राहिलीय अजून."

आणि काकूंनी सरांची बाजू मांडायला घेतली. एक शब्द इकडचा तिकडं न करता. सर कान चिमटीत धरून ऐकत होते, मधेच "नाही, इथं थोडं चुकलं" म्हणत होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की कुणाला काही विचारायचा धीर झाला नाही.

दुपारी आम्ही तिघं रस्त्यानं चाललो होतो. ऑटो मिळेपर्यंत पोचवायला म्हणून मी सोबत निघालो होतो. सर मधे, मी एका बाजूला, काकू दुसऱ्या बाजूला. सर भरभरून बोलत होते. स्टेशनच्या रस्त्याला लागल्यावर ते एकदम थांबले.

"अरे, उन्हाचं कुठं जाणार आता हे, जेवूनच जातील," काकूंकडे हात करून ते मला म्हणाले. "घरी कळवायला पाहिजे."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि लावला. काकूंच्या पिशवीत फोन वाजला. काकूंनी पिशवीत हात घालून तो काढला, कानाला लावला आणि सरांच्या शेजारी चालता चालता रस्त्याकडे बघत बोलल्या.

"हां, बोला. … कोण आलंय? … या की घेऊन. भाकरी टाकते."

सरांनी समाधानानं फोन खिशात ठेवला. काकूंनीही पिशवीत ठेवला. पिशवीची दोरी ओढली, पदर सारखा केला आणि सरांकडे वळून म्हणाल्या,

"उगं वहिनींना कशाला तरास दिलाव सर."